निजलेली चूल

चुलीवर ना तवा, ना तपेले, आणि चूल मात्र धडधडून जळते आहे, असा देखावा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी दिसतोच. कुणी हटकले तर आपण म्हणतो, "जळू दे, आत्ता पाणी ठेवायचेच आहे." आणि पाणी ठेवायला तासभर उशीर होतो. पण उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात जी लहानशी वाडी आहे, तिथल्या ठमाबाईच्या घरी हा देखावा अष्टौप्रहर चाले, आणि त्यात काही वावगे आहे असे तिला मुळीच वाटत नसे. तिची चूल पहाटे पेटायची ती दिवेलागणीनंतरही पेटलेलीच. रात्री निजताना एक जाडजूड ओंडका आत सारला, की तो सकाळपर्यंत धुमसत राही. घराची कौले धुराने काळी, आढे काळे, आणि घरात शिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत हटकून पाणी.

वाडीतल्या बायका मोठ्या खट्याळ. पाणवठ्यावर कुणी उगाच बडबडत सुटली, की दुसरी म्हणायची, "झाली गो ठमाबाईची चूल सुरू!" मग सगळ्या हसत.

हे ठमाबाईच्या कानावर जाई, पण ती रागावत नसे. तिच्याजवळ तिचे कारण होते. नवरा हैबती वारला तेव्हा पदरात एकच मुलगा, सहदेव. डोंगरउतारावरच्या नाचणीवर दोघांचे भागेना, म्हणून मिसरूड फुटताच तो मुंबईला गेला आणि एका गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकायच्या कामाला लागला. पहिल्याच पावसाळ्यात इकडे लाकडे भिजून गेली आणि ठमाबाईची चूल एक अख्खा दिवस पेटली नाही. नेमका त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाडीतला सदू मुंबईहून आला आणि अंगणात उभ्या उभ्या सांगून गेला की सहदेव तापाने फणफणून इस्पितळात पडला आहे. सहदेव त्यातून उठला, पुन्हा कामावरही गेला. पण आईच्या मनाने या दोन गोष्टींची जी गाठ मारली, ती काही सुटली नाही. चूल विझली आणि पोर पडला! तेव्हापासून तिने चूल विझू दिली नाही. नुसते विझू दिले नाही एवढेच नव्हे, तर 'विझणे' हा शब्दच तिने घरातून हद्दपार केला. दिवासुद्धा तिच्या घरी मालवत, विझवत नसत.

आईच्या मायेला नावे ठेवणारे आपण कोण? पण वाचकहो, त्या मायेला रोज लाकूड लागत होते, आणि ते लाकूड आणायला ठमाबाई जात नव्हती. तिचे गुडघे केव्हाच बसले होते. लाकूड आणायची ती सून, तुळसा.

तुळसा अबोल पोर. लग्नाला दोन वर्षे झाली होती, आणि यंदा पहिलटकरीण होती. पोट आता चांगले दिसू लागले होते. वाडीजवळचे रान शेत भाजायच्या राबासाठी तोडून तोडून आणि जळणासाठी ओरबाडून उघडे पडले होते, त्यामुळे मोळीसाठी पार खिंडीच्या वर जावे लागे. इतर बायका एका मोळीवर चार दिवस काढीत. तुळसाची मोळी दुसऱ्या दिवशी संपे. ती पुन्हा कोयती उचले, डोक्यावरची चुंबळ सारखी करी आणि निघे. ठमाबाईचे सुनेवर प्रेम नव्हते असे कुणी समजू नये. आपल्या वाटणीची भाकरी ती तिच्या ताटात सरकवी, तिच्या पायांना तेल लावी. पण चुलीतला जाळ आणि सुनेच्या डोक्यावरची मोळी या एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

शिमगा जवळ आला. मुंबईचे चाकरमानी एकेक करून गावी येऊ लागले, आगबोटीने बाणकोट, तिथून खाडीने महाड, आणि पुढे पोलादपुरावरून पायी. सहदेवही सणाला येणार होता. पहिलटकरणीला बघावे म्हणून ठमाबाईची थोरली नणंद रंगूबाई वरंधाहून राहायला आली. ही रंगूबाई म्हणजे मोठे खणखणीत प्रकरण. बोलायला फटकळ, हसायला मोकळी, आणि घरात पाऊल टाकताच सगळ्या मडक्यांची झाकणे उघडून बघणारी.

दुपारची जेवणे झाली होती. तुळसा कोयती घेऊन रानात गेली होती. रंगूबाईने चुलीकडे बघितले आणि पदराने डोळे पुसले.

"काय गो ठमे, चुलीवर काय चढवलंस?"

"काय नाय, वन्सं."

"मग ह्यो जाळ कुणासाठी?"

ठमाबाई जरा घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, "सहदेवासाठी."

रंगूबाईला वाटले, पोर आजच येणार आहे. पण ठमाबाईने सगळी हकिकत सांगितली, तो पावसाळा, ते इस्पितळ, तो सदूचा निरोप. रंगूबाईने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि ती एकदम हसली नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हते.

"मुंबयला तुजा धूर पोचतो काय गो?" ती शेवटी म्हणाली.

"धूर नसंल पोचत. पण माजं मन पोचतं."

"मन पोचायला लाकूड कशाला? मन काय आगबोट हाय?"

"वन्सं, तुमी मोठ्या. पण चूल इझव म्हनून मला सांगू नका. ह्यो शब्द ह्या घरात नको."

"इझव कोन म्हनतंय? निजव म्हनते मी, निजव!" रंगूबाई चुलीपुढे बसली. "पोरगं खेळून दमलं की आपन काय करतो? पांघरून घालून निजवतो. तसा इस्तव निजवायचा. बघ हिकडं." तिने जळते लाकूड मागे ओढून त्याचे तोंड राखेत दाबले, निखारे एकत्र लोटले आणि वरून राखेचे जाड पांघरूण घातले. जाळ दिसेनासा झाला. "झालं. आता सांजच्याला राख उकरलीस की खाली लालभडक. काटकी टाक, फुंकर मार, पेटली. चूल इझली नाय आनि लाकूडबी जळलं नाय."

ठमाबाईला ते बघवेना. रंगूबाई अंगणात गेली तशी तिने भराभर राख उकरली, निखारे वर काढले आणि लाकूड पुन्हा आत सारले. जाळ उसळला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

रंगूबाई परत आली, तिने बघितले. यावेळीही ती हसली नाही.

"ठमे, एक सांगते, राग आला तर येऊ दे. आमच्या वरंधाला समोरचा डोंगर असाच उघडा झाला. आमी सगळ्यांनी जाळून खाल्ला तो. आता बायका पार घाटाच्या तोंडापर्यंत जातात लाकडाला. तुला वाटतं, तू लाकूड जाळतेस. नाय गो! तू तुळसाची मान जाळतेस. एक पोर जपायला दुसऱ्या पोरीला जाळावर धरलंस, आनि तिच्या पोटात तिसरं हाय."

हे शब्द ठमाबाईला फार लागले. त्या दिवशी दोघी नणंद-भावजयांनी एकमेकींशी अबोला धरला, आणि मधल्या मध्ये तुळसाला कळेना की झाले तरी काय. ती बिचारी मोळी टाकून निमूट भाकऱ्या थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी लाकूड पुन्हा संपत आले. वाडीतल्या बायकांनी सणासाठी आधीच मोळ्या आणून ठेवल्या होत्या, त्यामुळे कुणीच रानात जाणार नव्हती. तुळसा एकटीच निघाली. रंगूबाई म्हणाली, "आज नको गो जाऊ." तुळसाने सासूकडे बघितले. सासूने चुलीकडे बघितले. तुळसा गेली.

दुपार कलली तरी ती आली नाही. ठमाबाई मनात म्हणाली, येईल, सुकी लाकडे शोधत असेल. आणखी उन्हे उतरली. सावल्या अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत लांबल्या. खिंडीची पायवाट वाडीतून दिसे, पण तिच्यावर कुणी नव्हते. घरात आता लाकडाचा एकच ठोकळा उरला होता. ठमाबाईने तो हातात धरला होता, आणि चुलीतला जाळ खाली खाली जात होता.

ठोकळा आत सारावा की बाहेर पडावे? सारला तर तो नीट पेट घेईपर्यंत फुंकत बसायला हवे, ओला होता तो. शेजारी मागायला जावे तर त्यातही वेळ जाणार. तिने उंबऱ्यात उभे राहून खिंडीकडे बघितले, मग चुलीकडे बघितले. तुळसा सकाळी निघताना कमरेला हात लावून क्षणभर थांबली होती, ते तिला आत्ता आठवले. सकाळी तिने ते बघितले होते आणि तरी ती काही बोलली नव्हती! आपले लक्ष चुलीकडे होते! कालचे नणंदेचे शब्द तिच्या कानात वाजू लागले.

"इझली तर इझू दे मेली!" ती मोठ्याने ओरडली आणि तिने ठोकळा कोपऱ्यात फेकून दिला. "वन्सं, चला! माजी पोरगी रानात हाय!"

इतकी वर्षे जो शब्द तिने घरात येऊ दिला नव्हता, तो तिच्याच तोंडून गेला, आणि तो गेला हेही तिला कळले नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ती पायवाट चढू लागली. रंगूबाई आतून यायला जरा मागे राहिली, पण लगेच तिने तिला गाठले. दोघी चढत होत्या आणि हाका मारत होत्या. "तुळसा! ए तुळसा गो!" डोंगर हाका परत पाठवत होता. ठमाबाईने कुलदैवताला आळवले, आणि नवल असे की या खेपेला तिने सहदेवाचे नाव घेतले नाही. "माज्या सुनेला सुखरूप ठेव," एवढेच ती म्हणत होती.

खिंडीच्या अलीकडे वळणावर दोन माणसे दिसली. एक बाई लंगडत येत होती, आणि तिला खांद्याचा आधार देणारा पुरुष होता. त्याच्या दुसऱ्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती.

"तुळसा!" ठमाबाईने हंबरडा फोडला.

आणि मग तिने त्या पुरुषाचे तोंड बघितले. तो सहदेव होता!

पोलादपुराहून येणारी आडवाट त्याच खिंडीतून उतरते. सुट्टी दोन दिवस आधी मिळाली म्हणून तो लवकर निघाला होता. खिंडीत येतो तो काय, वाटेच्या कडेला दगडाला टेकून आपली बायको बसलेली, पाय सुजलेला, आणि मोळी खाली दरीत घरंगळत गेलेली. उतारावर मोळीचा तोल गेला, तिला सावरायला गेली आणि पाय मुरगळून ती पडली, पण पडताना तिने दोन्ही हात पोटावर धरले होते.

रंगूबाईने पुढे होऊन तिच्या पोटावर हात ठेवला. रंगूबाईच्या तोंडावर हसू फुटले.

"हालतंय गो, हालतंय! लाथा मारतंय गुलाम!"

ठमाबाई मटकन वाटेतच बसली आणि सुनेचे पाय कुरवाळत ढसाढसा रडू लागली. तुळसा घाबरून म्हणाली, "मोळी गेली हो. उद्या आनते मी."

"मोळीचं नाव काढू नकोस!" ठमाबाई म्हणाली. "जळो ती मोळी!"

सहदेवाला हसू आले. "आये, जळायलाच आनली व्हती ना ती?" मग ठमाबाईही रडता रडता हसली. मनावरचे एवढे मोठे ओझे उतरल्यावर माणसाला कशाचेही हसू येते.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. घरात अंधार होता. ठमाबाईने उंबरा ओलांडला आणि चुलीकडे बघितले. चूल काळीठिक्कर. जाळ नाही, धूर नाही.

"इझली," ती पुटपुटली. "सहदेवा, चूल इझली रे!"

"मग?" सहदेवाने ट्रंक खाली ठेवली, डोक्याचे मुंडासे सोडले आणि भिंतीला पाठ टेकून पाय पसरले. त्याने एक लांब श्वास घेतला. "आये, काय गार वाटतंय गो घरात! पयल्यांदाच असं वाटलं. दिसभर बॉयलरच्या तोंडाशी उभा असतो मी. डोळं पोळतात, कातडी पोळते. सपनातबी जाळच दिसतो. घरी यावं तर हितंबी जाळ, हितंबी धूर. तुला कधी बोललो नाय, पन दर खेपेला वाटायचं, आयेनं हा जाळ जरा कमी केला तर किती बरं व्हईल."

ठमाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या जाळाने आपण लेकाला मुंबईत सांभाळतो असे तिला वाटत होते, तसल्याच जाळाला कंटाळून तो घरी येत होता! तिचा मुलगा तिच्यासमोर बसला होता, धडधाकट, घाम पुसत, आणि चूल विझलेली होती. आणि दुपारी, चूल भडकलेली असताना, तिची सून डोंगरावर दगडापाशी एकटी पडली होती. एवढे साधे गणित आपल्याला इतकी वर्षे कसे सुटले नाही, याचे तिला नवल वाटले.

"गिरनीत काय करतात ठाव हाय?" सहदेव पुढे म्हणाला. "रात्री मशिनी थांबल्या की आमी बॉयलरमदला इस्तवबी दाबून ठेवतो. वर कोळशाचा चुरा, हवा बंद. एक फावडं जास्त टाकलं तर जॉबर, म्हंजी आमचा मुकादम, आयमाय काढतो. एवढा मोटा शेठ, पन उगाच काय जाळत नाय. आनि आपन गरीब मानसं दिसभर जाळतो."

"घ्या! शेठलाबी माजीच अक्कल," रंगूबाई म्हणाली. ती चुलीपुढे बसली आणि काडीने राख उकरू लागली. राखेखालून एक लाल डोळा उघडला, मग दुसरा. तिने चार काटक्या टाकून हलकेच फुंकर मारली आणि चूल पेटली.

"वन्सं!" ठमाबाई ओरडली. "ही इझली नव्हती?"

"तू पळालीस पुढं. मी निघता निघता पांघरून घातलं तिच्यावर. इझली नव्हती गो, निजली व्हती."

ठमाबाईने उठून थोरल्या नणंदेच्या पायांवर डोके ठेवले. "वन्सं, मला शिकवा," ती म्हणाली. "पन आधी सुनेच्या पायाला हळद लावू."

त्या शिमग्यात ठमाबाईच्या घरी बरेच बदल झाले. सहदेवाने जाडे ओंडके फोडून बारीक केले आणि पडवीत उन्हाला रचले, कारण ओले लाकूड निम्मे धुरातच जाते. रंगूबाईने चिखल कालवून चुलीच्या शेजारी वैल घातला, म्हणजे मुख्य जाळाची उरलेली ऊब बाजूच्या भोकावर येते आणि भाकऱ्या होईतो तिथे आमटी आपोआप रटरटते. कडधान्य आदल्या रात्री भिजत पडू लागले. भांड्यावर झाकण आले, झाकणावर पाणी आले, आणि ते पाणी फुकटात तापू लागले. स्वयंपाक आटोपला की चूल निजवायची, हे काम ठमाबाईने स्वतःकडे घेतले. तुळसाचा पाय बरा झाला, पण बाळंत होईतो तिने कोयतीला हात लावला नाही. सहदेवाने जाण्यापूर्वी आणलेले लाकूड, जे पूर्वी महिन्याभरात संपले असते, ते थेट पाऊस सुरू होईतो पुरले.

ज्येष्ठात तुळसाला मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप. घरात धूर नाही म्हणून बाळाचे डोळे स्वच्छ, असे वाडीतल्या बायका म्हणू लागल्या, आणि एकेक करून ठमाबाईकडे चूल बघायला येऊ लागल्या. पुढच्या पावसापर्यंत वाडीत बहुतेक घरी वैल झाले. 'ठमाबाईची चूल' हे बोलणे पाणवठ्यावर अजूनही ऐकू येते, पण आता कुणी थोडक्यात भरपूर काम उरकले की बायका ते म्हणतात.

वाचकहो, सगळ्यांच्याच घरी काही लाकडाची चूल नाही. महाडच्या बाजारपेठेत राहणाऱ्यांकडे स्टोव्ह आले आहेत, कुठे रॉकेलचे कंदील रिकाम्या खोलीत रात्रभर जळत असतात. पण नियम सगळीकडे एकच आहे. आपल्या घरात उगाच जळणारी प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी डोक्यावरून, कुणाच्या तरी पाठीवरून आलेली असते. ते डोके आपल्याला दिसत नाही, म्हणून ते नसतेच असे नाही. जाळ हवा तेव्हा जरूर पेटवा, त्याशिवाय संसार चालत नाही. काम झाले की त्याला निजवा. घरातले माणूस जपायचे असेल, तर जाळण्यापेक्षा राखण्याने ते जास्त जपले जाते.

ठमाबाईने मात्र आपली एक सवय सोडली नाही, आणि ती सोडावी असे कुणी तिला म्हणतही नाही. रोज सांजेला नातीला मांडीवर घेऊन ती चुलीपुढे बसते आणि काडीने राख उकरते. खालून लाल निखारा दिसला, की मुंबईच्या दिशेला तोंड करून ती म्हणते, "हाय रे बाबा, सुखरूप हाय." मग स्वयंपाक होतो. जेवणे झाल्यावर ती चुलीतल्या निखाऱ्यावर राख ओढते, नातीवर गोधडी ओढते, आणि दोघींनाही एकाच सुरात थोपटल्यासारखे म्हणते, "नीज गो, नीज आता."